अमावस्येला गोठा, पौर्णिमेला पुन्हा गोठा
जुन्नर-आंबेगावच्या दूध उत्पादकांना गोचीड तापाविरुद्ध कळकळीचं आवाहन

बिबट्याने गोठ्यातून कालवड ओढून नेली की तासाभरात अख्खी वस्ती बॅटऱ्या घेऊन गोळा होते. वनखात्याची माणसं येतात, पंचनामा होतो, पिंजरा लावा म्हणून मागणी होते, भरपाईचा अर्ज जातो. पण त्याच गोठ्यातली दोन्ही वेळा बादली भरणारी गाय तीन-चार दिवस तापाने फणफणून दावणीलाच आडवी झाली, तर शेजारच्या मळ्यापर्यंतसुद्धा बातमी जात नाही. ‘ताप आला होता, गेली बिचारी,’ एवढ्यावर विषय संपतो. पंचनामा नाही, भरपाई नाही. विमा उतरवलेला नसेल तर कर्जाचा हप्ता तेवढा मागे उरतो.

हे आवाहन त्या तापासाठी आहे. तुमच्या गोठ्यात आजच एखादी गाय तापली असेल, चारा सोडून उभी असेल, तर पुढचं नंतर वाचा. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून फिरतं पथक मागवा. या आजारात एकेक दिवस मोलाचा आहे.

बाकीच्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती. उन्हाचा कडाका आणि त्यावर वळवाची एखादी सर, या दिवसांत गोचीड उठतात आणि पुढे पावसाळाभर त्यांचा जोर राहतो. आपल्या हातात थोडेच आठवडे आहेत.

डॉक्टर ज्याला थायलेरियोसिस म्हणतात, तोच आपला गोचीड ताप. थायलेरिया ॲन्युलाटा हा डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय परजीवी त्याच्या मुळाशी आहे. तो हवेतून येत नाही, पाण्यातून येत नाही, एका गाईच्या श्वासातून दुसरीला लागत नाही. त्याला ने-आण करायला गोचीडच लागते, आणि तीही हायलोमा जातीची, तपकिरी, लांब पायांची. आजारी किंवा बऱ्या झालेल्या जनावराचं रक्त पिताना परजीवी लहान गोचिडीच्या पोटात जातो. ती कात टाकून मोठी होते, दुसऱ्या गाईला चिकटते आणि रक्त पिता पिता लाळेतून तो तिच्या अंगात सोडते. गाईत शिरल्यावर तो आधी पांढऱ्या पेशी धरतो, म्हणून गाठी सुजतात. मग तांबड्या पेशींत घुसतो आणि गाय पांढरी पडत जाते.

यात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. गोचीड चिकटल्या क्षणी रोग देत नाही. तिच्या लाळेतला परजीवी पक्व व्हायला साधारण दोन-तीन दिवस जातात. म्हणजे रोज हात फिरवून गोचीड काढणाऱ्याच्या गाईला वाचायची संधी मिळते. आठवड्यातून एकदा बघणाऱ्याच्या गाईला ती मिळत नाही.

हात कुठे फिरवायचा? पाठीवर नाही. कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, पुढच्या पायांच्या बगलेत, कास आणि मांडीच्या मधल्या घडीत, आणि शेपूट वर करून तिच्या मुळाशी. कासेमागच्या त्या मऊ कातडीला फुगलेल्या गोचिडांची रांगच्या रांग लागलेली असते आणि वरून गाय अगदी स्वच्छ दिसते. धार काढणाऱ्या माऊलीचा हात तिथे दिवसातून दोनदा जातोच. गोठ्यातला पहिला डॉक्टर तीच. घरातल्या कर्त्या पुरुषांना सांगणं आहे की, ‘आज हिने आंबोण खाल्लं नाही, अंग गरम लागतंय,’ असं तिने म्हटलं तर ‘बघू संध्याकाळी’ म्हणू नका.

ताप मात्र हाताने मोजू नका. डेअरीवर फॅट एका पॉइंटने कमी लागली तर आपण वाद घालतो, पण लाखाच्या घरात किंमत असलेल्या गाईसाठी शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर किती गोठ्यांत असतो? गाईचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतं. गोचीड तापात ते १०४ च्या वर जातं, १०६ लाही पोचतं. गुदद्वारात थर्मामीटर ठेवून मिनिटभरात कळतं. मग खांद्याच्या हाडापुढे, मान जिथे खांद्याला मिळते तिथे बोटं दाबत न्या. निरोगी गाईत तिथली गाठ सहज हाताला लागत नाही. या तापात ती लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी होऊन बोटांखालून सरकते. डोळ्यातून पाणी, नाकातून स्राव, धाप, एकदम आटलेलं दूध, आणि पुढे डोळ्यांची आतली कातडी फिकी किंवा पिवळसर दिसू लागली, तर पाणी गळ्याशी आलंय असं समजा.

इथे एक चूक गावोगाव होते आणि तिच्यापायी गाई जातात. ताप दिसला की कुणाला तरी बोलावून तापाचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक टोचून घ्यायचं. तासाभरात ताप उतरतो, गाय चार घास खाते, घरचे निश्चिंत होतात. परजीवी आत तसाच वाढत असतो. दोन दिवसांनी ताप उलटतो तेव्हा रक्त पार कमी झालेलं असतं. या आजारावर बुपारव्हाक्वोन हे खास औषध आहे. महाग आहे, पण लवकर दिलं तर गाय वाचवतं. उशीर झाल्यावर तेच औषध तेवढं काम करत नाही आणि दुसऱ्या जनावराचं रक्त चढवण्याची वेळ येते. म्हणून डॉक्टरांकडे आग्रह धरा की, इंजेक्शनाआधी रक्ताचा नमुना घ्या. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की तांबड्या पेशींतले परजीवी दिसतात. सुजलेल्या गाठीतला नमुनाही बघता येतो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे आणि पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागामार्फत तिथे नमुने पाठवता येतात.

गोचिडीचा दुसरा आजारही ध्यानात ठेवा, बबेसिओसिस. त्यात परजीवी थेट तांबड्या पेशी फोडतो आणि गाईची लघवी कॉफीच्या रंगाची होते. हा परजीवी वेगळ्या, लहान गोचिडीतून येतो आणि त्या मादीच्या अंड्यांतून तिच्या पिल्लांतही उतरतो. तांबडी लघवी दिसली की बाहेरचं काही झालं, नजर लागली, साप चावला, असे तर्क सुरू होतात. व्यायल्यानंतर फॉस्फरस कमी पडल्यानेही लघवी तांबडी होते आणि त्याचा उपचार निराळा आहे. कुठला आजार आहे हे रक्त पाहिल्याशिवाय ठरवू नये. बबेसिओसिस आणि फॉस्फरसची कमतरता, या दोन्हींवर बुपारव्हाक्वोन चालत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण गाईवरची गोचीड बघतो, पण हायलोमा गोचिडीचं बहुतेक आयुष्य गाईवर जात नाही, गोठ्याच्या भिंतीत जातं. पोट फुगलेली मादी गाईवरून गळून पडते, अंधाऱ्या फटीत शिरते आणि हजारो अंडी घालून मरते. पिल्लं तिथेच फुटतात, वाट बघतात, गाईवर चढतात, रक्त पिऊन उतरतात, पुन्हा फटीत जाऊन कात टाकतात. मोठी गोचीड काही न खाता कित्येक महिने तग धरते. गाय विकून गोठा चार महिने रिकामा ठेवला तरी भिंत रिकामी होत नाही, ती नव्या गाईची वाट बघत असते.

खात्री करायची असेल तर आज रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात जा. दगड-मातीच्या भिंतीतून सांध्यातली सुटलेली माती काडीने उकरा. गव्हाणीच्या मागची बाजू, लाकडी खांब जमिनीत रुततो ती जागा, पत्र्याखालचे वासे, कोपऱ्यात पडलेलं जुनं पोतं उचलून बघा. तिथे जे हलताना दिसेल ते मोजत बसू नका, पण घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवा. बिबट्याच्या भीतीने आपल्या पट्ट्यात गोठे चहूबाजूंनी बंद करावे लागतात आणि ते बरोबरच आहे. मात्र बंद, अंधारा, दमट गोठा गोचिडीलाही मानवतो. जमेल तिथे दगडी भिंतीऐवजी मजबूत जाळी लावा. जमत नसेल तर फटी सिमेंटने बुजवा, चुना मारा. जनावरं, कडबा आणि प्लास्टिक बाहेर काढून फ्लेम गनने भिंतीचे सांधे भाजून काढता येतात, पण शेजारी पाण्याचा पाइप तयार ठेवूनच. उकिरडा गोठ्याला टेकून ठेवू नका. चार गावठी कोंबड्या गोठ्यात फिरत असतील तर त्या खाली पडलेल्या गोचिडी टिपतात, त्यांना फिरू द्या. राखणीच्या कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडांचाही बंदोबस्त करा, त्यालाही गोचिडीपासून रक्ताचे आजार होतात.

एवढं एका गोठ्यात केलं तरी पुरत नाही, आणि हे आवाहन तुम्हा एकट्याला न करता अख्ख्या गावाला करतोय ते त्यामुळेच. बांधाला बांध लागलेला आहे. कुकडी आणि डिंभ्याच्या कालव्यांनी मंचर, नारायणगाव, ओतूर, बेल्हे, निरगुडसर, पारगाव या पट्ट्यात ऊस आला, हिरवा चारा आला आणि त्यामागून संकरित गाई आल्या. एचएफ आणि जर्सी रक्ताच्या या गाई दूध देतात, पण गोचीड तापापुढे फार हळव्या आहेत. खिल्लार बैल किंवा पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांतली देशी जनावरं हा परजीवी बऱ्याच अंशी पचवतात, पण अंगात बाळगतात. बऱ्या झालेल्या संकरित गाईच्या रक्तातही तो पुढे रेंगाळतो. शेजाऱ्याचं ठणठणीत दिसणारं जनावर तुमच्या गाईच्या तापाचं उगमस्थान असू शकतं, आणि यात त्याची किंवा त्याच्या जनावराची काडीचीही चूक नाही. भीमाशंकर आणि विघ्नहर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड कामगारांची बैलं येतात, मेंढपाळांचे वाडे उतरतात, बैलगाडा शर्यतींसाठी गावोगावचे बैल एका घाटात जमतात, बेल्ह्याच्या बाजारातून जनावरं घरी येतात. कुणाला अडवायचं कारण नाही. पण आपला गोठा आणि आपली वस्ती एकाच वेळी स्वच्छ नसेल, तर गोचीड एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर फिरत राहणार.

जगाने हे फार पूर्वी शिकून घेतलंय. अमेरिकेतल्या टेक्सासच्या गुराख्यांची ठाम समजूत होती की गुरांचा ताप गोचिडीने येतो. शास्त्रज्ञ ते मानायला तयार नव्हते. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी प्रयोगांनी सिद्ध केलं की गुराखी बरोबर होते. तो ताप म्हणजे आत्ता सांगितलेला बबेसियाचाच. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डास आणि मलेरियाचा संबंध दाखवला, त्याच्याही चार वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे १९०६ पासून तिथे परगणेच्या परगणे ठरावीक दिवसांनी सगळी गुरं औषधाच्या हौदातून काढू लागले. विरोध एवढा झाला की काहींनी हौद सुरुंग लावून उडवले. तरी काम थांबलं नाही आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा सोडला तर तो ताप तिथून गेला. औषध तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी साधं होतं. सगळ्यांनी एकाच वेळी केलं, त्यात यश होतं.

आपल्यालाही ती एक वेळ ठरवता येईल, आणि तिच्यासाठी नवं कॅलेंडर लागणार नाही. अमावस्येला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या दिवशी जनावरं घरी असतात, माणसालाही थोडी सवड असते. गोचीडनाशकाने अंडी मरत नाहीत, म्हणून साधारण पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं, आणि अमावस्येपासून पौर्णिमा तेवढ्याच अंतरावर आहे. म्हणून प्रत्येक वस्तीने, प्रत्येक दूध संस्थेने ठरवावं: या अमावस्येला सगळ्या गोठ्यांची आणि सगळ्या जनावरांची फवारणी, पुढच्या पौर्णिमेला दुसरी, आणि पावसाळाभर हाच क्रम डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू. दोन गाईवाला, वीस गाईवाला, शेळ्यावाला, नुसती बैलजोडी असणारा, सगळे त्यात आले पाहिजेत. ज्या घरात म्हातारा-म्हातारी एकटी आहेत त्यांचा गोठा तरुण मंडळाने करावा. गणपतीत मांडव घालणाऱ्या पोरांना हे काम जड नाही.

फवारणीबद्दल मात्र कळवळून सांगतो, घाई करू नका. नारायणगाव हा टोमॅटोचा पट्टा, घरात पिकावरच्या औषधांच्या अर्ध्या बाटल्या पडलेल्या असतात. त्यातलं काही गाईवर मारू नका. पिकावरची अनेक कीटकनाशकं जनावराला विषारी आहेत. लाळ गळते, अंग थरथरतं आणि गाय कोसळते. तणनाशकाचा पंपही वापरू नका. डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ, फ्लुमेथ्रिन ही जनावरांसाठी बनवलेली औषधं वेगळी मिळतात. कुठलं आणि किती, हे डॉक्टरांना विचारून वेष्टनावर लिहिलंय तेवढंच घ्या. एकच औषध वर्षानुवर्षं वापरलं की गोचिडी त्याला दाद देत नाहीत. जास्त दाट करून मारल्याने गोचीड लवकर मरत नाही, गाय आणि फवारणारा मात्र धोक्यात येतो. सकाळी धार काढून झाल्यावर किंवा उन्हं उतरल्यावर फवारा, भर दुपारी नाही. आधी पाणी पाजा, मुसकं बांधा, अंग चाटू देऊ नका, जखमेवर औषध नको. केसांवरून ओघळून गेलेलं औषध कामाचं नाही, कातडीपर्यंत भिजलं पाहिजे. भिंती, खांब, जमीन भिजवा, पण गव्हाण आणि पाण्याचा हौद वाचवा. हातमोजे आणि मास्क घाला. पुढच्या धारेआधी कास धुवा. दुभत्या गाईला मनाने आयव्हरमेक्टिन टोचू नका, ते दुधात उतरतं आणि ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं. निंबोळी तेल, करंजाचं तेल जरूर लावा, गोचीड कमी ठेवायला मदत होईल, पण आलेला ताप त्याने जाणार नाही.

संकरित जनावरांसाठी गोचीड तापाची लस आपल्या देशात तयार होते. ‘रक्षावॅक-टी’ हे तिचं नाव. दोन महिन्यांवरच्या वासरांपासून देता येते, शेवटच्या टप्प्यातल्या गाभण गाईला देत नाहीत. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि बाहेर काढल्यावर लगेच टोचावी लागते, म्हणून एकट्यादुकट्या गाईसाठी आणणं अवघड जातं. दूध संस्थेने गावातल्या सगळ्या वासरांची, कालवडींची यादी करून एकत्र मागणी नोंदवली तर एका सकाळी काम होईल. लस टोचली म्हणजे लगेच संरक्षण मिळत नाही, अंगात ताकद यायला काही आठवडे लागतात. ताप सुरू झाल्यावर लस शोधत फिरण्यात अर्थ नाही.

बाजारातून किंवा परराज्यातून नवी गाय आणली तर तिला निदान पंधरा-वीस दिवस वेगळी बांधा. गोठ्यात घेण्याआधी अंगावरच्या गोचिडांचा बंदोबस्त करा, रोज ताप मोजा, जमल्यास रक्त तपासा. प्रवासाने दमलेल्या गाईत दबून राहिलेला आजार वर येतो.

थायलेरिया माणसाला होत नाही, त्याची भीती नको. पण त्याच हायलोमा गोचिडीतून काँगो ताप हा विषाणूचा आजार माणसात येऊ शकतो. २०११ मध्ये गुजरातमध्ये साणंदजवळ त्याचे रुग्ण सापडले आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाही जीव गमवावा लागला. म्हणून गोचीड काढून दोन नखांत फोडायची आपली सवय आजपासून सोडा. लहान मुलांना तर ते काम सांगूच नका. हातमोजा घालून किंवा चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा आणि रॉकेल किंवा साबणाचं कडक पाणी भरलेल्या बाटलीत टाका. जमिनीवर टाकलेली फुगलेली गोचीड पुन्हा भिंत गाठते. गोठ्यात काम करणाऱ्याला अचानक जोराचा ताप आला, अंग दुखू लागलं, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की माझा गोचिडांशी संबंध येतो.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा आपण काय करू शकतो ते दिसलं. बाजार बंद ठेवले, गावोगाव लसीकरण झालं, पोरांनी रात्री जागून शेजाऱ्यांच्या जनावरांना औषधं लावली. गोचीड ताप दरवर्षी येतो, एकेका गोठ्यात चोरपावलांनी येतो, म्हणून तसा गाजावाजा होत नाही. पण ज्या घराची एकुलती एक गाय जाते, त्या घराला तो लम्पीइतकाच मोठा आहे.

दूध संस्थांच्या संचालकांना विनंती आहे की, पुढच्या दूध बिलाच्या वाटपाआधी सभा घ्या. संस्थेच्या खर्चाने दोन थर्मामीटर, एक वेगळा फवारणी पंप आणि हातमोजे घेऊन ठेवा. गोचीडनाशक एकत्र घेतलं तर स्वस्त पडेल आणि सगळ्यांकडे एकच, बरोबर औषध जाईल. सरपंचांनी ग्रामसभेत विषय घेऊन तारीख दवंडीने आणि व्हॉट्सॲपवर कळवावी. साखर कारखान्यांनी हंगाम सुरू होताना कामगारांच्या तळावर त्यांच्या बैलांसाठी फवारणीची सोय करावी, ती पाहुणी जनावरं आपल्याच उसाला राबतात. यात्रा कमिट्यांनी शर्यतीच्या घाटाजवळ बैल बांधायची जागा आधी फवारून घ्यावी. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राला आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा, एका गोठ्यात सगळं प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.

आणि उद्या सकाळी डेअरीवर दूध घालायला जाल तेव्हा, पावती हातात घेण्याआधी, सचिवाला विचारा: आपल्या वस्तीची अमावस्या ठरली का? ठरली नसेल तर तिथेच, रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर ठरवा.